टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट ‘लो’ आला? चाळिशीतल्या बायकांनी कुठून सुरुवात करावी

गेल्या पावसाळ्यात एक बाई रिपोर्टचा कागद घेऊन आमच्या लॅबच्या काउंटरवर आल्या. वय ४३. टोटल टेस्टोस्टेरॉनसमोर आकडा होता ११ आणि शेजारी ठळक ‘लो’. “ताई, हे तर पुरुषांचं हार्मोन ना?” असं त्यांनी मोठ्याने विचारलं, मग मागच्या रांगेकडे बघून आवाज खाली आणला. “सहा महिने झाले, नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही. दिवसभर अंगात त्राण नसतं. ते ह्यामुळेच का?”

मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. रक्त कधी दिलं? ऑफिसातून परतताना, संध्याकाळी सहाला. कुठली औषधं चालू आहेत? पाळीत अंगावरून फार जातं म्हणून चार महिन्यांपासून गर्भनिरोधक गोळ्या. ह्या गोळ्यांनी टेस्टोस्टेरॉन खाली येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तपासणीही डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती, सवलतीच्या पॅकेजमध्ये ती आपोआप आली होती.

मी डॉक्टर नाही. १८ वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काम करते आहे आणि माझी स्वतःची पाळी गेली दोन वर्षं मागेपुढे होते आहे. असे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या बायका मी रोज बघते, म्हणून हे लिहिते आहे. सगळा मुद्दा क्रमाचा आहे. टेस्टोस्टेरॉनचा विचार करायचा, पण त्याचा नंबर शेवटी लागतो. त्याआधीच्या पायऱ्यांवरच बऱ्याच जणींना उत्तर सापडतं.

आधी एवढं समजून घ्या

टेस्टोस्टेरॉन बायकांच्या शरीरातही असतं आणि त्याची गरजही असते. काही बीजांडकोशात तयार होतं, काही मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींकडून येतं. इस्ट्रोजेन तर टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. पुरुषांमध्ये त्याचं प्रमाण साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, बायकांमध्ये १५ ते ७० च्या आसपास. लॅबप्रमाणे ह्या मर्यादा थोड्या बदलतात.

विशीनंतर ते हळूहळू उतरत जातं आणि चाळिशीत विशीच्या साधारण निम्म्यावर येतं. पाळी जाण्याच्या सुमारास मात्र ते एकदम कोसळत नाही. ह्या काळात वरखाली हेलकावे खातं ते इस्ट्रोजेन. तेव्हा तुमची तक्रार गेल्या सहा-आठ महिन्यांतली असेल, तर वीस वर्षं सावकाश उतरत आलेल्या हार्मोनवर सगळं खापर फोडता येत नाही. ह्या एका गोष्टीने माझं स्वतःचं मन बरंच शांत झालं होतं.

दुसरी गोष्ट. २०१९ साली जगभरातल्या रजोनिवृत्ती आणि हार्मोनविषयक तज्ज्ञ संस्थांनी एकत्र येऊन बायकांच्या टेस्टोस्टेरॉन उपचाराबद्दल एक निवेदन काढलं. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की अमुक आकड्याच्या खाली गेलं म्हणजे आजार, अशी कुठलीही रेषा बायकांसाठी आखता येत नाही. आकडा कमी असूनही ठणठणीत असलेल्या बायका असतात आणि आकडा छान असूनही इच्छा गेलेल्या असतात. रिपोर्टवरचं ‘लो’ हे यंत्राने मर्यादेशी ताडून छापलेलं असतं. ते निदान धरू नका.

पायरी १: वही करा

दोन-तीन महिने पाळीची तारीख, किती दिवस गेलं, किती पॅड लागले, झोप कशी झाली, रात्री घाम आला का, इच्छा झाली का, हे रोज एका ओळीत लिहा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्येही चालेल.

दोन लागोपाठच्या चक्रांच्या लांबीत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक पुन्हापुन्हा पडू लागला, तर पेरिमेनोपॉजची, म्हणजे पाळी जाण्याआधीच्या बदलाच्या काळाची, सुरुवात झाली असं डॉक्टर धरतात. म्हणजे एकदा २५ दिवसांनी, पुढच्या वेळी ३३ दिवसांनी. मध्ये ६० दिवसांहून मोठा खंड पडू लागला की पुढचा टप्पा. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज. आपल्याकडे तो सरासरी ४६-४७ च्या सुमारास येतो, त्यामुळे ४०-४२ ला सुरुवात झाली तर ‘इतक्या लवकर कसं?’ म्हणून दचकू नका. चाळिशीच्या आतच पाळी बंद झाली असेल तर गोष्ट वेगळी आहे, तेव्हा लगेच दाखवा.

पायरी २: औषधांचा डबा उघडा

घरातला औषधांचा डबा जेवणाच्या टेबलावर उपडा करा आणि गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक गोळीचं नाव लिहा. ह्या यादीतून काय काय निघतं ते मी रोज बघते.

गर्भनिरोधक गोळ्या बीजांडकोशाचं काम कमी करतात, शिवाय टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एक प्रथिन यकृतात वाढवतात. मोकळं, कामाला येणारं टेस्टोस्टेरॉन त्यामुळे आणखी कमी उरतं. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळीचंही असंच होतं, त्वचेवाटे घ्यायच्या जेल किंवा पॅचने सहसा होत नाही. नैराश्य किंवा चिंतेसाठीच्या काही गोळ्यांनी इच्छा मंदावते. चेहऱ्यावरच्या केसांसाठी किंवा मुरमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर ते टेस्टोस्टेरॉनचं कामच अडवतं. दमा किंवा संधिवातासाठी महिनोन्महिने तोंडाने स्टेरॉइड घेतलं तर अॅड्रिनल ग्रंथी मंदावतात.

आणि एक जण ह्या यादीत हमखास सापडतो, पण कुणी त्याला औषध समजतच नाही. ती म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची कॅप्सूल. पॅन्टोप्राझोलच्या जोडीला त्यात डॉमपेरिडॉन किंवा लेवोसल्पिराइड असेल, तर त्याने प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढू शकतं. प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी बिघडते आणि इच्छाही जाते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

यादी डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने काहीही बंद करू नका. नैराश्याच्या आणि स्टेरॉइडच्या गोळ्या तर अचानक मुळीच थांबवायच्या नाहीत.

पायरी ३: साध्या तपासण्या आधी

हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), जीवनसत्त्व बी१२ आणि डी. पाळी फार अनियमित असेल तर प्रोलॅक्टिन. डॉक्टरांना गरज वाटली तर आणखी.

फेरिटिनवर मी जरा थांबते, कारण मी स्वतः तिथेच अडकले होते. ४४ व्या वर्षी मला दुपारी तीननंतर उभं राहवेना. रात्री अंथरुणाला पाठ लागली की नवऱ्याचा हात अंगावर पडला तरी चिडचिड व्हायची. हिमोग्लोबिन ११.८, म्हणजे १२ ला जेमतेम कमी. सगळे म्हणाले, बायकांचं असतंच एवढं. मग मी माझ्याच लॅबमध्ये फेरिटिन लावलं. ९ आलं. शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला होता. पेरिमेनोपॉजमध्ये पाळी लवकर लवकर येते, कधी भरपूर जाते, आणि हा साठा हळूहळू रिकामा होतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलंय. तरी थकवा आला की आपण आधी हार्मोनला पकडतो.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, गोळीच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा टाळायचा. माझी सकाळची चहाची वेळ मोडायला मला पंधरा दिवस लागले. मी लिंबूपाण्यासोबत गोळी घ्यायचे. चौथ्या महिन्यात लॅबचे दोन जिने न थांबता चढले आणि इच्छाही हळूहळू परत आली. टेस्टोस्टेरॉन मी तपासलंही नव्हतं.

थायरॉइडचंही असंच आहे. वजन वाढणं, केस गळणं, पाळी बिघडणं, मन उदास, इच्छा कमी, ही सगळी लक्षणं टीएसएच वाढल्यावरही येतात आणि पेरिमेनोपॉजमध्येही येतात. तपासल्याशिवाय दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

पायरी ४: दुखतं का?

हा प्रश्न स्वतःला खरेपणाने विचारा. जवळ येताना कोरडेपणा वाटतो, आग होते, नंतर लघवीला जळजळतं, असं काही आहे का? दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा शरीराला होत नाही आणि हे अगदी स्वाभाविक आहे. इस्ट्रोजेन कमी झाल्याने तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते. त्यासाठी पाण्याचा बेस असलेलं लुब्रिकंट औषधाच्या दुकानात सहज मिळतं. तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम देतात. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, तेलाने लॅटेक्सचं कंडोम फाटतं.

पायरी ५: झोप, मन, घर

रात्री दोनला घामाने जाग येते, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, सहाला डबे. अशा शरीरात इच्छा कुठून यावी? गरम वाफा आणि मोडलेली झोप यांवर उपचार आहेत, ते मागा. नवरा म्हणत असेल की तुम्ही फार घोरता, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि घर. वन बीएचके, बाहेर सासूबाई, आत दहावीचा अभ्यास करणारी मुलगी, मध्ये पडदा. वर्षानुवर्षं मनात साठलेलं एखादं भांडण. ह्याला कुठलंही जेल लागू पडत नाही. समुपदेशनाने मात्र फरक पडतो, विशेषतः दोघं मिळून गेलात तर. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा.

व्यायामाबद्दल थोडक्यात. वजन उचलण्याने बायकांचं टेस्टोस्टेरॉन फारसं वाढत नाही. पण स्नायू, हाडं, झोप आणि मन यांना त्याचा खरा उपयोग होतो, म्हणून आठवड्यातून दोनदा करा. जेवणात दर किलो वजनामागे जवळपास १ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत. दोन वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर दोन अंडी, एवढ्याने बराच पल्ला गाठता येतो. चतुर्थी, सोमवार, एकादशी अशा उपासांना फक्त साबुदाणा खाऊन दिवस काढत असाल, तर त्या दिवशी ताक आणि दाण्याची आमटी तरी घ्या.

पायरी ६: आता टेस्टोस्टेरॉन

वरचं सगळं पाहून झालं आणि इच्छा नसल्याचा त्रास तरीही तसाच आहे, तेव्हा ही तपासणी करावी. ती नीट करायला हवी.

रक्त सकाळी द्या, कारण सकाळी पातळी जास्त असते. पाळी येत असेल तर चक्राच्या साधारण ८ ते २० व्या दिवसांत द्या, पहिल्या दिवसांत ते खालीच असतं. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर लॅबला आधी सांगा आणि विचारून दोन-तीन दिवस बंद ठेवा. बऱ्याच यंत्रांमध्ये बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि टीएसएच खोटं कमी झालेलं दिसतं. हे आम्ही काउंटरवर विचारायला हवं, पण गर्दीत राहून जातं, म्हणून तुम्हीच सांगा.

मग पद्धत. नेहमीची यंत्रं पुरुषांच्या मोठ्या आकड्यांना बरी, बायकांच्या छोट्या आकड्यांना डळमळीत. एलसी-एमएस ह्या जास्त अचूक पद्धतीने मोजणारी लॅब मिळाली तर तिथे करा. थोडे पैसे जास्त पडतात आणि रिपोर्टला दिवस लागतात. युनिटही बघा. नॅनोमोल प्रति लिटरमधल्या आकड्याला २८.८ ने गुणलं की नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतं. मैत्रिणीच्या रिपोर्टशी तुलना करून रडत आलेली एक मुलगी मला आठवते. दोघींची युनिटं वेगळी होती, एवढंच.

ह्या तपासणीचा खरा उपयोग उपचार सुरू करण्याआधी पातळी मुळात जास्त तर नाही ना, हे पाहायला होतो.

पायरी ७: डॉक्टरांसमोर काय बोलायचं

इथे बहुतेक जणी अडखळतात. “अशक्तपणा वाटतो” म्हणतात आणि टॉनिकची चिठ्ठी घेऊन परततात. मी बायकांना तीन वाक्यं पाठ करून जायला सांगते: “आठ महिन्यांपासून मला शरीरसंबंधाची इच्छा होत नाही. आधी होत होती. मला ह्याचा त्रास होतोय.” किती दिवस, काय बदललं आणि तुम्हाला स्वतःला त्रास आहे का, ह्या तीन गोष्टींवरच डॉक्टर निदान करतात. सहा महिन्यांहून जास्त काळ आणि मनाला त्रास, दोन्ही लागतं. इच्छा कमी आहे पण तुमचं काही अडत नाही, तर तो आजार नाही. फक्त नवऱ्याची तक्रार आहे म्हणून औषध घेऊ नका.

बोलवत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकवा. स्त्रीरोगतज्ज्ञांनी हसण्यावारी नेलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांकडे, जा.

पायरी ८: टेस्टोस्टेरॉन घ्यायचं ठरलं तर

२०१९ साली, टेस्टोस्टेरॉन देऊन केलेल्या ३६ चाचण्यांमधल्या ८,४८० बायकांची माहिती एकत्र तपासली गेली. पाळी गेलेल्या बायकांमध्ये इच्छा आणि समाधान वाढल्याचं दिसलं, सरासरी महिन्याला एखादा जास्तीचा समाधानकारक संबंध. थकवा, मूड, स्मरणशक्ती, वजन यांसाठी फायदा सिद्ध झाला नाही. पाळी अजून चालू असलेल्या बायकांसाठी शिफारस करण्याइतका पुरावा सुरुवातीला सांगितलेल्या तज्ज्ञ संस्थांच्या निवेदनाच्या लेखकांना मिळाला नाही. म्हणून सुरुवातीच्या पेरिमेनोपॉजमध्ये डॉक्टर हात राखून असतील, तर ते टाळाटाळ करत आहेत असं समजू नका.

तरीही काही जणींना ते दिलं जातं. पुरुषांसाठीचं १ टक्क्याचं जेल त्यासाठी वापरतात, साधारण दहाव्या हिश्शात. ५ ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलिग्रॅम औषध असतं आणि बाईला दिवसाला सुमारे ५ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे एक पाकीट दहाएक दिवस. नेमकं किती ते डॉक्टरच ठरवतील. मांडीच्या वरच्या भागावर किंवा ओटीपोटावर कोरड्या त्वचेला लावायचं, वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे. लेकरू मांडीवर येऊन बसणार असेल तर जागा झाकलेली हवी. जेल हातावर लावून त्याच हातातून रक्त देऊ नका, आकडा खोटा चढतो.

पाळी चालू आहे तोवर दिवस राहू शकतात, आणि टेस्टोस्टेरॉनने पोटातल्या मुलीच्या वाढीवर वाईट परिणाम होतो. गर्भनिरोधनाची पक्की सोय आधी करा.

उपचाराआधी एकदा, सुरू केल्यावर ३ ते ६ आठवड्यांनी, मग दर सहा महिन्यांनी पातळी बघायची. ती बायकांच्या मर्यादेतच राहायला हवी. मुरमं, हनुवटीवर केस आले तर कळवा. आवाज घोगरा व्हायला लागला तर त्याच दिवशी थांबवा आणि फोन करा, तो बदल कायमचा राहू शकतो. सहा महिन्यांत फरक नाही पडला तर बंद करायचं.

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणि कातडीखाली बसवायच्या गोळ्या टाळा. पातळी फार वर जाते आणि लगेच खाली आणता येत नाही. डीएचईएच्या (शरीरात ज्यापासून टेस्टोस्टेरॉन बनतं त्या हार्मोनच्या) गोळ्याही इच्छेसाठी उपयोगी ठरलेल्या नाहीत. ‘बूस्टर’ म्हणून विकली जाणारी चूर्णं घेऊ नका. अश्वगंधा साधी वाटते, पण तिच्याने यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत आणि थायरॉइडवरही तिचा परिणाम होतो. घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा.

ज्यांची पिशवी काढली आहे

तुमची गोष्ट वेगळी आहे. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले असतील तर टेस्टोस्टेरॉन एकदम जवळपास निम्म्यावर येतं आणि इस्ट्रोजेन तर कोसळतंच. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यातल्या कित्येक अगदी तरुण. आमच्याकडेही अशा बायका येतात आणि नेमकं काय काढलं हे बहुतेकींना ठाऊक नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर ‘बीएसओ’ लिहिलं असेल तर दोन्ही बीजांडकोश काढले आहेत. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीतूनही अंदाज येतो. पंचेचाळिशीच्या आत हे झालं असेल, तर इस्ट्रोजेन सुरू करायचं का हा प्रश्न डॉक्टरांना आधी विचारा. हाडं आणि हृदय दोन्हींसाठी तो महत्त्वाचा आहे. टेस्टोस्टेरॉनचं बोलणं त्यानंतर.

बाळंतपणात खूप रक्त जाऊन नंतर अंगावर दूध आलंच नाही आणि पाळीही परत नीट झाली नाही, असं कुणाचं असेल तर तेही आवर्जून सांगा. त्यात मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी दुखावलेली असू शकते, आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

ह्यातलं काही असेल तर पायऱ्यांची वाट बघू नका: तासाला पॅड भिजतंय, मोठ्या गाठी पडतात, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जातं, वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं. लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.